उघडिपीच्या दिवशी आलेलं पाणी

आबा, तुम्हाला आठवायला बसलो की मला आधी तुमचे पाय दिसतात, चेहरा नंतर. अनवाणी, रुंद, बोटं फाकलेले, टाचांना भेगा. लोणावळ्याच्या रस्त्यावर चालताना तुम्ही मध्येच थांबायचा, एक पाऊल पुढे टाकून जरा दाबून बघायचा आणि म्हणायचा, "हितं वाईच उतार हाय." मी तिपाईवर दुर्बीण लावून, पट्टी धरणाऱ्यावर ओरडून, वहीत आकडे मांडून अर्ध्या तासानं तिथेच येऊन पोचायचो. तेव्हा मला याचं कौतुक वाटण्याऐवजी राग यायचा. आता पेन्शन घेऊन पुण्यात बसलोय, रागाचं वय गेलं, उरलंय ते कुतूहल. तुमच्या पायाला ते कसं कळायचं? मी एकदा चपला काढून करून बघितलं होतं, तुम्ही नसताना. पायाला खडी टोचण्यापलीकडे काही कळलं नाही.

एक सांगून टाकतो. तेव्हा मी तुम्हाला अरे-तुरे करायचो. मी पंचविशीतला ओव्हरसिअर, तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, रस्त्याच्या टोळीचे मुकादम. पण कचेरीत रीतच तशी होती. घमेली वाहणाऱ्या बायका तुम्हाला आबा म्हणायच्या, मी 'अरे मुकादम' म्हणायचो. हे पत्र सुचायचं कारण तुमचा मुलगा. मागच्या महिन्यात कामशेतच्या बाजारात तांदूळ घेत होतो, तर पिकल्या केसांचा एक माणूस समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "वळखलं न्हाई का सायेब? मी तुमच्या मुकादमाचा ल्योक." मी त्याला चड्डीतला पाहिलेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "आबांची मुकादमकी कशापायी गेली हो? आई सांगायची, रस्ता फोडला म्हनून. गावातली मानसं म्हनायची, खडी इकली. कागदावर काय हाय, तुमालाच ठावं." तुमच्यासारख्या माणसावर खडी विकल्याचा आळ चाळीस वर्षं फिरतोय हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला म्हणालो, सगळं नीट लिहून देतो. म्हणून हे लिहितोय, त्याच्याऐवजी तुम्हाला उद्देशून, कारण असं लिहिलं की मला सोपं जातं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. मी ऐन चैत्रात रुजू झालो. तुंगार्लीकडून गावात उतरणारा रस्ता तेव्हा नुसता मुरमाचा होता, मध्ये खोलगट, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. एका बाजूला दुकानं आणि खालच्या अंगाला कामकऱ्यांच्या खोल्यांची रांग, दुसऱ्या बाजूला मोकळं रान आणि पलीकडे ओढा. नगरपालिकेच्या कमिटीनं मला सांगितलं, रस्ता पक्का करायचा, गटार बांधायचं, नकाशा करून आणा. मी पंधरा दिवस खपून नकाशा केला. रस्ता हातभर उचलायचा, त्याला मध्ये पाठ द्यायची म्हणजे पाणी कडेला उतरेल, आणि दुकानांच्या बाजूनं सरळ रेषेत दगडी गटार. रस्त्यावर किती पाऊस पडेल, त्याला किती रुंद गटार पुरेल, सगळं गणित काढलेलं. शाईनं रेघा ओढून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होतो. तुम्ही काहीतरी विचारायला आत आलात, तर मीच हौसेनं कागद तुमच्यापुढे केला. तुम्ही वाकून बराच वेळ बघत राहिलात. वाचता येत नव्हतं, पण नकाशा तुम्हाला बरोबर कळला होता. मग म्हणालात, "सायेब, हे चैतातलं गाव हाय. सरावनातलं कुटं हाय?"

मी म्हणालो, गाव काय दर महिन्याला बदलतं का? तुम्ही हसलात. "बदलतं की," म्हणालात. कारकून फिदीफिदी हसला आणि तेच मला झोंबलं. मी तुम्हाला म्हटलं ते अजून आठवतं: शहाणपण शिकवायला ठेवलेलं नाही, खडी नीट फोडून घे. तुम्ही "व्हय जी" म्हणून बाहेर गेलात. थोड्या वेळानं तुमची शिट्टी ऐकू आली आणि टोळी कामाला लागली.

काम मात्र तुम्ही असं केलंत की नाव ठेवायला जागा नाही. बैलांचा रूळ फिरवून फिरवून रस्ता पाटासारखा गुळगुळीत झाला. पावसाळा आला, आणि लोणावळ्याचा पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य नाही. मी छत्री उलटी होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा राहून बघायचो, गटार भरून वाहतंय, पण काठाबाहेर थेंब नाही. दुकानदार नमस्कार करू लागले. मग श्रावणात उघडीप झाली. लख्ख ऊन पडलं, लोकांनी आठवड्याचे ओले कपडे वाळत घातले. आणि त्या कोरड्या दिवशी, दुपारच्या सुमारास, रस्त्याला पूर आला. आभाळात ढग नाही आणि गटारातून गढूळ पाणी उफाळून दुकानांच्या पायऱ्यांवर चढतंय. खोल्यांच्या रांगेत उंबरे बुडाले, बायका पोरांना कडेवर घेऊन बाहेर आल्या. मी निरोप मिळताच धावत आलो, तर तुम्ही आणि दोघं-तिघं गडी माझा नवा रस्ता मधोमध आडवा फोडत होता. कुदळीचे घाव बसत होते तसा माझा जीव कळवळत होता. फट पडली, पाणी तिच्यातून पलीकडच्या रानात घुसलं, तिथून ओढ्याला लागलं. तासाभरात उंबरे मोकळे झाले. रस्ता मात्र गेला तो गेलाच; वाहत्या पाण्यानं फट दहा हात रुंद केली.

कमिटीनं चौकशी लावली. मोठं टेबल, सभासद बसलेले, तुम्ही पागोटं हातात घेऊन उभे, मी बाजूच्या खुर्चीवर. बांधून तीन महिने न झालेला रस्ता कुणाच्या हुकमानं फोडलास, असं तुम्हाला विचारलं. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "माज्या मनानं." परत विचारलं, ओव्हरसिअरांना विचारलं होतंस का? "येळ न्हवता," एवढंच म्हणालात. मग मला विचारलं. मी म्हटलं, माझा हुकूम नव्हता. तेच कागदावर लिहिलं, खाली सही केली. तुमची मुकादमकी काढली, शिट्टी दुसऱ्याला दिली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोडलेली फट बुजवायला तुम्ही पाटी घेऊन हजर झालात. तुमच्या मुलाला हेच सांगायचंय. खडीचा त्यात संबंध नव्हता.

पण ते पाणी आलं कुठून, हे मला छळत होतं. आकाशातून आलं नाही, झरा फुटला म्हणावं तर दुसऱ्या दिवशी सगळं कोरडं. आठवडाभर मी नकाशा उलटासुलटा करून बघितला. शेवटी लाज गिळून तुम्हालाच विचारलं. कधी नव्हे ते 'मुकादम' म्हणता येईना, आणि दुसरं काय म्हणावं तेही सुचेना. तुम्ही पाटी खाली ठेवून म्हणालात, "सांगून न्हाई कळायचं. उद्या शिवारात या, दाखवतो."

सकाळी तुम्ही माझ्या पाठीवर इरलं चढवलंत, छत्री घरी ठेवायला लावलीत. आपण तुंगार्लीच्या वरच्या अंगाला चढतोय. चैत्रात मी जिथे सपाट करडी जमीन पाहून पुढे गेलो होतो तिथे आता भाताची खाचरं एकाखाली एक, बांधापर्यंत तुडुंब. मी उभाच राहतो. हे सगळं पाणी माझ्या रस्त्याच्या डोक्यावर होतं आणि माझ्या कागदावर त्याचा पत्ता नव्हता. तुम्ही समजावून सांगता: आवणी, म्हणजे लावणी, झाली की पाणी धरायचं, बेणणीला, म्हणजे तण उपटायला, ते उतरवायचं, आणि बेणायला उघडीप लागते. वरच्यानं बांधाचं तोंड फोडलं की खालच्याला ठेवून चालत नाही, त्याचा बांध फुटेल. म्हणून ऊन पडलं की सगळं शिवार एकदम पाणी सोडतं. "आदी ते रस्त्यावरनं पल्याड जायाचं," तुम्ही म्हणता, "खोलगट व्हता न्हवं. तुमी उचलला. तुमी रस्ता न्हाई, बांध घातला, सायेब. खाली मानसं ऱ्हात्यात. त्येंचंच खाचर झालं." मी विचारतो, त्या दिवशी सोडणाऱ्यांत कोण कोण होतं? तुम्ही एका खाचराकडे बोट दाखवता. "त्ये आमचंच. भावानं सोडलं. त्यो तरी काय करंल?"

तुमच्या बायकोनं बांधावर गुळाचा कोरा चहा दिला. तिच्या हाताला चिखल, म्हणून वाटी मनगटांत धरून पुढे केली. म्हणाली, "ह्येंनी तुमचा रस्ता फोडला म्हनं. तुमी रागावला न्हाई ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "घरी बैलास्नी बी शिट्टी वाजवायचे. आता गप असत्यात." तुम्ही तिला दटावलंत आणि विषय बदलायला खांद्यावरच्या पोतडीतून भाताचं तूस काढलंत. ते बांधाच्या तोंडाशी मूठ मूठ सोडलंत आणि मला म्हणालात, चला खाली. आपण दोघं जवळजवळ पळतच रस्त्यावर आलो. मी घड्याळ काढून उभा, तुम्ही उकिडवे बसलेले. गटाराच्या वरच्या तोंडाशी पिवळं तूस तरंगत आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात इंजिनिअरिंग म्हणून जे काही शिकलो त्यातला सगळ्यात चांगला दिवस तो, असं मी आजही म्हणेन. तुम्हाला तो दिवस कसा वाटला, हे विचारायचं राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा नकाशा केला. तुमची कुदळ पडली होती तिथेच रस्त्याखालून दगडी मोरी काढली, वरच्या खाचरांचं पाणी हिशेबात धरून. कमिटीनं माझं अभिनंदन केलं. मोरी अजून आहे, मी गेल्या वर्षी जाऊन वाकून बघून आलो. तुम्ही ती बांधलीत, पण बिगारी म्हणून. तुमची मुकादमकी परत मिळावी म्हणून मी दोनदा अर्ज लिहायला घेतला आणि दोनदा फाडला, कारण अर्जात कारण लिहावं लागतं. तिसऱ्या पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात.

आणि इथपर्यंत आल्यावर, आबा, मला वरचं एक वाक्य खोडावं लागणार. मी धावत आलो तेव्हा तुम्ही रस्ता फोडत होता, असं लिहिलंय. तसं नव्हतं. तुम्ही कुदळ घेऊन उभे होता, माझी वाट बघत. पाण्याच्या आवाजात मोठ्यानं विचारलंत, "सायेब, फोडू का?" मी खोल्यांकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं आणि "हो" म्हणालो. मग पहिला घाव पडला. तुम्हाला ऐकू गेलं नसेल, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. पण कमिटीपुढे बोलण्याआधी तुम्ही माझ्याकडे बघितलं होतंत, आणि मी मूग गिळून बसलो होतो. माझी नोकरी कच्ची होती. हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तसं बोललात, की मी बोलेन म्हणून थांबून बघितलंत? हे एक मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मागच्या महिन्यात कामशेतला तुमच्या मुलालाही मी कमिटीपुढचंच सांगितलं, की आबांनी कुणाला न विचारता फोडला. त्याचा चेहरा उजळला. लिहून द्या, पोरांना दाखवतो, म्हणाला. दोनदा पाकिटावर पत्ता घातलाय. तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो, एवढं त्याला कळेल म्हणून मी हे पोस्टात टाकत नाही.