भिंतीपलीकडचं मशीन

दादा,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. शिलाई मशीन जागेवर दिसणार नाही, शोधत बसू नकोस.

वर्षभर रोज एक तरी सुख स्वतःला द्यायचं, असं मी ठरवलं होतं. माझं सुख म्हणजे शिवताना एक गाणं. अकरा महिने "बेडकीला कंठ फुटला" म्हणालास, मी हसण्यावारी नेलं. काल मात्र तू मशीनचा पट्टाच काढून लपवलास.

मी नवा आणला. शेजारच्या काकूंनी त्यांची खोली दिलीय. तुझ्या उशाशी जिची भिंत लागते, तीच. उद्या दुपारी आडवा झालास की ऐक:

सुई माझी चाले, दोरा धावे लागोलाग,
भाऊराया निजे, त्याला गाणं आणी जाग.

आता रोज दोन गाणी. एक माझ्या सुखाचं, दुसरं खास तुझ्या झोपेसाठी.

तुझी बेडकी