लॅपटॉपला हात लावू नकोस

छोटे,

सकाळी खोलीत कोणी नसताना लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा दिवा लागलेला दिसला. मी त्यावर चिकटपट्टी लावून वायफाय बंद केलंय. तू फुकटात उतरवलेल्या गेमवरून तुझ्यावर उगाच तोंडसुख घेतलं. पाणी भलतीकडेच मुरतंय. आत दुसऱ्याचा लॅपटॉप दुरून बघायचं सॉफ्टवेअर सापडलं, भाऊजींनी तो ‘साफ’ करून दिला त्याच दिवशीचं. तरीच परवा जेवताना त्यांनी माझ्या मुलाखतीचं विचारलं. मी घरात कोणाजवळच बोलले नव्हते, मेल तेवढा या लॅपटॉपवर वाचला होता.

तुझे पासवर्ड मैत्रिणीच्या फोनवरून बदल. ताईला फोन करू नकोस, मेसेजही नको. मी तिच्याकडेच निघालेय, समोर बसून सांगते. तिचा नवा फोनही भाऊजींनीच सुरू करून दिलाय.