कोपऱ्याचा दगड

तीर्थरूप बाबांस,

तुम्ही भूमिपूजनाचं आमंत्रण द्यायला रामटेकला आत्याकडे गेलात आणि इकडे मोजणीवाले कन्हानच्या आपल्या प्लॉटवर येऊन गेले. दर दसऱ्याला तुम्ही कोपऱ्यातल्या ज्या दगडावर आपट्याचं पहिलं सोनं ठेवता, तो दगड आपला नाही. प्लॉट घेताना एजंटानं आपल्याला शेजारचाच दाखवला होता.

आजूबाजूच्या लोकांनी लेआउट मंजूर होण्याआधीच घरं बांधली. तुम्ही मात्र म्हणत राहिलात, "थांबू वं पोरी. मंजुरी आल्यावरच वीट ठेवू." दुसऱ्याची जागा नको म्हणून कुंपणही हातभर आत घेतलंत. ते सगळं दुसऱ्याच्याच जागेत होतं, बाबा.

विक्कीदादा म्हणतो, "तो मालक कधी आला का इकडे? बांधून टाकू. तू काहून मधात बोलून राहिली?" मी त्याला ठाम नाही म्हटलं. पण तुमच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही, म्हणून लिहायला बसले. तुमचा प्रत्येक कागद मीच वाचून दाखवते, मग हा कसा दाखवू?

आणि आपला प्लॉट कोणता, ते अजून लिहिलंच नाही. पलीकडचा, ज्यातून नाला वाहतो तो. सोनं ठेवून झालं की तुम्ही दरवर्षी तिकडे बघून हळहळता, "हा ज्यानं घेतला, त्या बिचाऱ्याले कोणी सांगितलं नसन का वं?"

नाही सांगवत, बाबा.

तुमची,
मयुरा