बद्रीलालची दुनळी

४ नोव्हेंबर

पुन्हा त्याचाच फोन! घट्टिया गावचा बद्रीलाल आंजना. सकाळी, दुपारी, आणि मी जेवायला बसलो तेव्हाही. "ओ बंदूकवाले, दुकान खोला है कि धर्मशाला? मेरी दुनाली वहीं सड़ाओगे क्या?" मागे त्याची पोरं खिदळताना ऐकू येतात. स्पीकरवर ठेवून मला शिव्या घालतो — घरच्यांची करमणूक!

बंदूक आणून दिली तेव्हा मात्र तोंडातून शब्द फुटत नव्हता. काय झालं, कधीपासून, कुठे आपटली का — सगळ्याला एकच उत्तर, "चलती नहीं है." आता फोनवर वाघ.

५ नोव्हेंबर

दुनळी खोलली. दोन्ही पिना गायब! पिन नाही तर काडतूस उडणार कसं? आणि त्या काही आपोआप गळून पडत नाहीत, कुणीतरी पेचकस लावून काढल्यात. घरीच कारागिरी केली असणार, बिघडवलं, मग आठवले आम्ही. फोन करून विचारलं, पिना कुठे आहेत? "मेरे को क्या मालूम! मिस्त्री तुम हो कि मैं?" — आणि फोन बंद.

७ नोव्हेंबर

मधुरा म्हणते, "बाबा, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलत जा." लेकीला सांगायला काय जातंय! तिने दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप उघडून दिलं तेव्हापासून लोक बंदुकीचे धूसर फोटो पाठवून विचारतात, "क्या खराबी है?" फोटोवरून कुणी नाडी बघतं का?

८ नोव्हेंबर

बद्रीलाल. बद्रीलाल. बद्रीलाल.

९ नोव्हेंबर

हद्द झाली आज. बँकेचा गार्ड समोर बसलेला, आणि हा फोनमधून ओरडतोय — "बाप-दादा ने भी यही सिखाया था क्या?" गार्डने शब्द न् शब्द ऐकला. अरे, माझे आजोबा शिंदे सरकारच्या शिलेखान्यात होते! बाकी सगळी कामं बाजूला सारली आणि लेथवर पोलादाची सळई चढवली. याचं तोंड बंद करायचंच.

१२ नोव्हेंबर

पिना बसवल्या. घोडे असे पडतात — खट्! खट्! मधुराला म्हटलं, टाक मेसेज: तैयार है, उठा ले जाओ. तिने "कृपया" घातलं. काढायला लावलं.

१३ नोव्हेंबर

आला. दोन्ही पोरं बरोबर. लायसन बापाच्या नावावर, म्हणून त्याला घेऊन आली, नाहीतर कोण विचारतं म्हाताऱ्याला! मी वाटच बघत होतो. दुनळी काउंटरवर ठेवली — "लो, धर्मशाला से छुट्टी." त्याने हातही लावला नाही. नुसता म्हणाला, "इतनी जल्दी?"

इतनी जल्दी! इतके दिवस माझं डोकं खाऊन वर हे!

थोरल्याने घोडा चढवून बघितला आणि धाकट्याला म्हणाला, "अब आने दे काका को कुएँ पे." गव्हाच्या पाण्यावरून सख्ख्या काकाशी वाजलंय म्हणे. असल्या बढाया इथे रोज ऐकतो. सही घेतली. पीडा गेली एकदाची! किती दिवसांनी धड जेवलो.

१४ नोव्हेंबर

बद्रीलालचा फोन. उचलणारच नव्हतो. आवाज इतका खाली की आधी ओळखलाच नाही. शेतातून बोलत होता, एकटाच.

"भिया, पिनें मैंने ही निकाली थीं. लड़के कारतूस ले आए हैं. और वो... मेरा छोटा भाई है. ऐसा कौन-सा पुरजा है जो मिलता ही नहीं?"

म्हटलं, घोड्याची कमानी, ती आतली स्प्रिंग, मोडा आणि आजच घेऊन या. पोरांना सांगा, बाहेरून मागवावी लागते, कधी येईल नेम नाही. आणि रोज फोन करा मला, पोरांसमोर. शिव्या जोरात द्या.