उजव्या हाताची नक्कल

६ फेब्रुवारी
काम घेतलं. रामदासपेठेतल्या डॉक्टरबाई, नवीन घर, जिन्यासमोरची मोठी भिंत. चित्र चारशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं. पलंगावर दारू पिऊन पडलेला सेनापती, एक बाई तलवारीनं त्याचं मुंडकं कापते आहे, दासी त्याला वरून दाबून धरते आहे. चादरीवर रक्ताच्या धारा. मी विचारलं, रोज जाता-येता हे बघवेल? म्हणाल्या, "अहो, मी सर्जन आहे. फक्त मुळासारखं हुबेहूब हवं. माझी कल्पना, तुमची कल्पना काही नको."
बावीस वर्षं हुबेहूबच करते आहे. फळांची ताटं, घोडे, परदेशी म्हाताऱ्यांचे चेहरे. मुंडकं पहिल्यांदाच.

११ फेब्रुवारी
चित्रकलेच्या सरांकडे गेले. ब्याऐंशी झाले, भिंग लावून पेपर वाचतात, पण जीभ कॉलेजात होती तशीच. म्हणाले, "नक्कल करणारा मूळ माणसाच्या चुका करत नाही, म्हणून नक्कल मेलेली असते."
मग आम्हाला दोन वर्षं नकलाच का करायला लावल्या?
"हात शिकावा म्हणून. चित्र व्हावं म्हणून नाही."
येताना प्रताप नगरच्या चौकापर्यंत स्वतःशीच भांडत आले. उत्तर सुचलं तेव्हा घर आलं होतं. आता तेही आठवत नाही.

१९ फेब्रुवारी
चादर जमली. दाढी जमली. दासी तर फारच छान. तलवारीचा उजवा हात जमत नाही. आज चौथ्यांदा खरवडला. बाई टरबूज कापून राहिली आहे असं दिसतं.

२३ फेब्रुवारी
सकाळी दार उघडलं तर रंजू. माझी धाकटी. एक पिशवी, डोक्यावरून स्कार्फ. कन्हानहून पहिल्या बसनं आली. स्कार्फ सोडला तर डावा कान सुजलेला, मानेवर सुकलेलं रक्त.
"मले या कानानं आयकू येऊन नाही राहिलं, ताई."
नवऱ्यानं मारलं, दिलीपनं. कारण विचारलं नाही. तेरा वर्षांत कारणं विचारून झाली. खाणीवर डंपर चालवतो, सगळे म्हणतात माणूस कामाचा आहे.
दवाखान्यात नेलं. पडदा फाटलाय. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, पडली. मी मान डोलावली. मीसुद्धा.

२६ फेब्रुवारी
रंजू दिवसभर चित्रासमोर स्टूल घेऊन बसते. आज अचानक म्हणाली, "दोघी आहेत म्हणून जमून राहिलं वं. एकटीच्यानं होत नसते."
तिला तलवारीसारखं लाटणं धरायला लावून हात पाहिला. बाही वर केली तर दंडावर जुने निळे, नवे काळे. लाटणं धरलं पण जोर लावेना. "मले नाही येत, ताई." चित्रातला हात पाचव्यांदा खरवडला.

२ मार्च
दिलीपचे फोन. आज अकरा. शेवटचा मी घेतला. आवाज एकदम गोड. "ताई, तुम्ही मोठ्या आहा. नवराबायकोच्या मधात नका पडू." मी म्हटलं, ती येणार नाही. मग म्हणाला, "तं मी येतो."
चौकीवर जाऊ म्हटलं. रंजू नको म्हणाली. मी जोर केला नाही, कारण हात पुरा करायचा होता. हे खरं कारण. लिहून ठेवते.

६ मार्च
काल लिहिता आलं नाही.
काल दुपारी अडीचला दिलीप आला. प्यायलेला नव्हता. सगळे तेच विचारतात म्हणून लिहिते. चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं, प्यायला. मग रंजूला म्हणाला, "कपडे घे, चाल."
"मी नाही येत."
"काहून?"
"नाही येत म्हटलं ना."
केस धरून ओढली. डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, दोनदा. मी मध्ये गेले तर कोपरानं मला भिंतीवर फेकलं. लाथ लागून चित्र उपडं पडलं. रंजू खाली, तो तिच्या छातीवर गुडघे टेकून, दोन्ही हात गळ्यावर. तिच्या टाचा फरशीवर वाजत होत्या. टप टप टप. मग हळू व्हायला लागल्या.
कॅनव्हासच्या चौकटीसाठी आणलेली सागाची पट्टी भिंतीला टेकून होती. दोन्ही हातांनी उचलली. कानामागं मारली. त्याचे हात सुटले. रंजूनं श्वास ओढला, फाटका आवाज आला.
तो बाजूला सरकून बसला. डोकं धरलं. माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई."
मी पुन्हा मारली.

७ मार्च
तो सरकारी दवाखान्यात, अतिदक्षता विभागात. शुद्ध नाही. कवटीला तडा आहे, बाकी ते काही सांगत नाहीत.
पोलीस परवा तीन तास होते. पट्टी जप्त. महिला हवालदारानं विचारलं, किती वेळा मारलं? तोंडातून निघून गेलं, एकदा. रंजूचा जबाब वेगळा घेतला. तीही म्हणाली, एकदा. आम्ही आधी काही ठरवलं नव्हतं. अटक नाही, पण नागपूर सोडायचं नाही.
जाताना हवालदारबाईनं उपडं पडलेलं चित्र सरळ करून दिलं. "तुमचंच काय?" नक्कल आहे म्हटलं. "मंग काय, दुसरं काढाल."

१० मार्च
चित्रात फक्त उजवा हात पुसला गेला आहे. ओला होता, फरशीला चिकटला. बाकी सगळं शाबूत.
रंजूच्या गळ्यावर दहा बोटं स्पष्ट दिसतात. मऊ भात खाते, गिळताना डोळ्यांत पाणी. रोज दवाखान्यात जाऊन काचेतून त्याला पाहून येते. मी विचारलं, काहून जाते? म्हणाली, "उठला का, ते पाहाले." भीती की आस, समजलं नाही. तिलाही नसेल.

१४ मार्च
हात झाला.
जवसाच्या तेलात रंग कालवला आणि एका बैठकीत, दोन तासांत. मूळ चित्राच्या प्रिंटकडे पाहिलं नाही. कुठल्या स्नायूवर ताण येतो, मनगट कुठं वळतं, अंगठा कसा पांढरा पडतो, सगळं माहीत होतं. ब्रश धुतला आणि रंजूचा मऊ भात लावला.

१७ मार्च
सरांना फोनवर सगळं सांगितलं होतं, "एकदा" धरून. आज स्वतः ऑटोनं आले. रंजूनं हात धरून वर आणलं. भिंग घेऊन चित्रासमोर अर्धा तास. चहा थंड झाला.
म्हणाले, "हा मूळ चित्रातला हात नाही."
मूळ बाई अंग मागे घेते, म्हणाले. काम करायचंय, पण रक्त अंगावर नकोय. हात लांब ताणलेला. "तुझी पुढे झुकली आहे. हिला आवडतंय."
म्हणजे चुकलं?
"नक्कल म्हणून गेलं. पुसू नको." जिन्यात थांबून म्हणाले, "विमल, जपून."
"पुसू नको" हे ऐकायची बावीस वर्षं वाट पाहिली, आणि आज ऐकलं ते या हातासाठी.

२० मार्च
डॉक्टरबाई येऊन गेल्या. त्यांना यातलं काही माहीत नाही. मोबाईलवर मूळ चित्र उघडून तुलना करत होत्या. "सुंदर आहे हो. पण हात असा नाहीये. ही फार... मला मूळ जसं आहे तसंच हवं."
बरोबर आहे त्यांचं. ठरलं तेच मागताहेत.
आता मागे झुकलेला हात डोळे मिटूनही काढता येईल. खरवडायची पाती हातात घेतली. रंग अजून ओला आहे, या उन्हात फार तर चार दिवस राहील. पाती परत ठेवली.
हा एकच हात माझा आहे. तोही कशातून आला ते...

२२ मार्च
काल दिलीप शुद्धीवर आला. आज सकाळी बोलला. पाणी मागितलं, आईला विचारलं. रंजू काचेबाहेर उभी होती, आत गेली नाही. चौकीतून फोन आला, त्याचा जबाब दुपारी घेणार. आम्हा दोघींना चारला बोलावलं आहे, पुन्हा.
त्याला काय आठवतं कोणाला ठाऊक. "ताई" म्हणालेलं आठवत असेल तर पुढचंही आठवेल.
जेवण झालं नाही. रंजूला म्हटलं, मी खरं सांगणार. दोनदा मारलं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो बसलेला होता, तुझ्यापासून दूर, त्याच्या हातात काही नव्हतं.
ती केस विंचरत होती. फणी थांबली नाही.
"दुसरा फटका मीनं मारला म्हणून सांगीन."
वेडी आहेस का, म्हटलं. तू तर फरशीवर पडून होतीस.
"पडून होती. पाहून राहिली होती. तू नसता मारला तं मी उठून मारला असता." मग वळली. गळ्यावरचे डाग आता पिवळे पडलेत. "तुले एकटीले नाही सांगू देत, ताई."
मी नाही म्हटलं. ती नाही म्हणाली. साडेतीन झाले. खाली ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला आहे, आणि रंजू चपला घालून माझ्याआधी जिना उतरते आहे.