हिरोइनींचे पायजमे

आई, तुझं चित्र छापून आलंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की घरात आता तुझा विषय फारसा निघत नाही, आणि गेल्या महिन्यात पार्सल फोडलं तर एका गुळगुळीत कव्हरवरून तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या त्या जाड, मधे जवळजवळ जुळलेल्या भुवया आणि हनुवटीवरचा तीळ. बाकी तुझं त्यात काही नाही. अंगावर कपडेही फारसे नाहीत. ते चित्र मीच काढलंय. हे कसं झालं ते तुला सांगायला हवं, कारण दुसऱ्या कोणाला सांगायला गेले तर आधी तुझी सगळी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

बाबा गेल्यावर तू नाशिकरोडच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत लायब्ररी काढलीस. बायकांसाठी मासिकं आणि कादंबऱ्या, पोरांसाठी कॉमिक्स. खरी गर्दी असायची ती कॉमिक्सला. मुंबईहून जुन्या इंग्रजी कॉमिक्सचे सुतळीने बांधलेले गठ्ठे यायचे, त्यांना कुबट वास असायचा, आणि दुपारी लायब्ररी बंद असताना तू ते स्वयंपाकघरात आणून सोडायचीस. तू पाटावर बसली आहेस, मांडीवर पिठाच्या डब्याचं झाकण, झाकणावर कॉमिक उघडलेलं, हातात काळं स्केचपेन. "चल, आज कोणाकोणाला कपडे घालायचेत बघू," तू म्हणतेस. पानावर एक बाई भिंत फोडून बाहेर येत असते, दुसरी आगीतून चालत असते, तिसरी दोन हातांवर अख्खी बस तोलून धरते, आणि तिघींच्या अंगावर पोहायला निघाल्यासारखे पोशाख. तू त्यांच्या मांड्यांपासून घोट्यांपर्यंत काळा रंग भरतेस. पायजमे. मग गळे वर आणतेस. बाह्या माझ्याकडे. मी घाईघाईत नुसतं काळं फासलं की तू झाकण आपल्याकडे ओढून घेतेस. "कोपराशी चुण्या पडतात ना, तिथं थोडं कोरं सोड. कापड हाय ते, डांबर नाय." मी चित्रकला कुठे शिकले असं कोणी विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगते. पण हात वळला तो त्या बाह्यांवर.

तुला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे तू चित्रांवरूनच गोष्ट लावायचीस आणि तुझे प्रश्न भलतेच असायचे. "हिला आई नाय का गं? सारखी गच्चीवरच उभी असते. घरी कोण वाट बघत नाय?" किंवा, "सगळ्या विशीतल्याच कशा? चाळिशी लागली की शक्ती जाते काय यांची?" आपण दोघी इतक्या हसायचो की शेजारच्या काकू डोकवायच्या. पुरुष हिरोंना मात्र तू कधी हात लावला नाहीस. त्यांचेही कपडे अंगाला चिकटलेलेच असायचे. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "त्यांच्याकडं कोण बघतंय?"

आठवीत की नववीत असताना शाळेत स्त्री-मुक्तीवर वक्तृत्व स्पर्धा होती. मला दुसरं बक्षीस मिळालं आणि ते डोक्यात गेलं. त्या दुपारी तू नेहमीसारखी पाटावर बसलीस, आणि मी उभ्या उभ्याच म्हणाले, "आई, त्यांना स्वतःच्या शरीराची लाज वाटत नाही, मग तुला कशाला वाटते? झाकायचा नियम पुरुषांनी केलाय." तू माझ्या बोटांवर पेन इतक्या जोरात मारलंस की नखाखाली काळं झालं. "त्या उडत जातात," तू म्हणालीस. "मला रिक्षा स्टँडवरून चालत यावं लागतं. लायब्ररीत पोरं उभी राहतात, आधी कव्हर बघतात, मग मला बघतात. मग एकमेकांकडं बघून हसतात. तुझ्या भाषणात हे हाय का कुठं?" माझ्या भाषणात ते नव्हतं. मी रुसून बसले. त्या दिवाळीला तू मला ड्रॉइंगच्या काळ्या शाईची बाटली आणि खरा, केसांचा ब्रश आणून दिलास. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून दिलास.

पुढच्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ. परत आलेली कॉमिक्स तू एक एक चाळून बघत होतीस, पान फाटलंय का, कोणी काही चिकटवलंय का. एका पानाशी तुझा हात थांबला. मी तुझ्या खांद्यावरून बघितलं. कोणीतरी आपण घातलेला पायजमा पट्टीने घासून, कागदाचा पापुद्रा निघेपर्यंत खरवडला होता. त्या पांढऱ्या झालेल्या जागेवर बॉलपेनने पुन्हा अंग काढलं होतं, मुळात होतं त्याहून जास्त उघडं. आणि त्या हिरोइनीच्या डोक्याच्या जागी तू होतीस. तुझा अंबाडा, तुझा जाड काड्यांचा चष्मा, तीळ. मला वाटलं तू ओरडशील, नाहीतर रडशील. तू चष्मा काढून पदराने पुसलास, परत लावलास आणि बराच वेळ ते बघत राहिलीस. "भुवया बरोबर काढल्यात," म्हणालीस. मग ते कॉमिक बंबात टाकलंस. पाणी तापलं, तू मला म्हणालीस, जा, आंघोळ करून घे.

कोणी काढलं ते आपल्याला कळलं नाही. म्हणजे सगळ्यांनीच काढलं असं झालं. कॉमिक घ्यायला कोणी दारात आलं की तू पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायचीस आणि हातातला पेपर वाचत असल्याचं सोंग करायचीस. महिन्याभरात लायब्ररी बंद झाली. पुस्तकं रद्दीत गेली, आणि द्राक्षांचा सीझन लागल्यावर तू पिंपळगावच्या पॅकहाऊसला जायला लागलीस. पहाटे गाडी न्यायला यायची. दिवसभर उभं राहून घडातले खराब मणी कात्रीने काढायचे, घड पेटीत बसवायचे. एकदा सुट्टीत तू मला घेऊन गेलीस. सगळ्या बायका पांढरी टोपी, पांढरा ॲप्रन, तोंडाला मास्क. मी दारात उभी राहून तुला शोधत होते आणि तू सापडत नव्हतीस. शेवटी तूच हात केलास. डबा खाताना म्हणालीस, "इथं बरं वाटतं. कोण कोणाला ओळखत नाय." तुझ्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत आनंदाचं वाक्य, आणि ते ऐकून मी उरलेला डबा बंद केला.

मग माझं कॉलेज, तुझं आजारपण आणि तुझं जाणं. मी पाठ्यपुस्तकांची, गाइडांची चित्रं काढली, लग्नपत्रिकांवरचे गणपती काढले. अलीकडे मुंबईच्या एका कंपनीने मराठीत सुपरहिरोंची कॉमिक्स काढायचं ठरवलं आणि चित्रकारांकडून कल्पना मागवल्या. मी कागद पुढे ओढला आणि दुसरं काही सुचलंच नाही. पॅकहाऊसमधली पंचेचाळीस वर्षांची बाई. ॲप्रन, टोपी, पायात रबरी चप्पल, डोळ्यांवर जाड चष्मा. इतकी वर्षं कोल्ड स्टोरेजच्या गारठ्यात काम करून तिच्या हातात अशी शक्ती आली आहे की ती ज्याला हात लावेल ते जागच्या जागी गोठतं. हायवेवर ब्रेक फेल झालेला टेम्पो ती तळहाताने थांबवते आणि मग डबा शोधत परत आत जाते. तुला एकदा तरी तुझ्याच कपड्यांत उभी करायची होती, आई. बाकी काही नाही. त्यांना ती आवडली. मी करारावर सही केली. सही केली म्हणजे ती बाई त्यांची झाली, हे मला वाचून कळलं होतं, पण तेव्हा ते मनाला लागलं नाही.

पहिला फोन आला तो एका संपादक मुलीचा. तिशीची असेल, बोलायला गोड. "मॅम, स्टोरी जबरदस्त आहे. फक्त ती ना, थोडी आंटी वाटते."

"आंटीच आहे ती," मी म्हणाले.

"हो ना, पण कव्हरवर आंटी असली तर कोण उचलणार?"

आधी वय कमी झालं. मग चष्मा गेला, कारण ॲक्शनमध्ये तो विचित्र दिसतो. टोपी गेली, केस मोकळे आले. ॲप्रनची आधी लांबी कमी झाली, मग तो नुसता कमरेला उरला, मग तोही नको म्हणाले. चपलांचे उंच टाचांचे बूट झाले. प्रत्येक वेळी मी वाद घातला आणि प्रत्येक वेळी हरले. एकदा ती मुलगी समजावत म्हणाली, "मॅम, मी स्वतः फेमिनिस्ट आहे. पण बाईने अंग झाकलंच पाहिजे हाही पुरुषांचाच नियम ना? तिला स्वतःच्या शरीराची लाज नाही, हेच तर आपण दाखवतोय." माझंच वक्तृत्व स्पर्धेतलं वाक्य. मी तुझं उत्तर देऊन बघितलं. म्हणाले, अहो, तिला स्टँडवरून चालत घरी जावं लागतं. ती हसली. "मॅम, तिच्याकडे पॉवर्स आहेत." मग आवाज उतरवून म्हणाली, "खरं सांगू? माझ्या हातात असतं तर ॲप्रनसकट छापली असती. हे सगळं वरून येतं. आणि तुम्ही नाही केलं तर इथला मुलगा करेल, तो तर काहीच ठेवणार नाही." फोन ठेवताना तिने निरोप दिला, वरच्यांना तीळ आणि भुवया फार आवडल्यात, त्या तशाच ठेवा, त्यात काहीतरी आहे.

तर मी केलं. दुसऱ्या कोणी करण्यापेक्षा आपल्या हातून झालेलं बरं, असं स्वतःला सांगत एक एक कपडा मीच उतरवला. कुठे चुणी पडते ते मला चांगलं माहीत होतं, म्हणून ती पुसणंही मला छान जमलं.

मागच्या आठवड्यात कॉलेज रोडच्या एका दुकानात मला सह्या करायला बसवलं होतं. बरीचशी पोरंच होती. ती कव्हर बघायची, मग मला बघायची, आणि केस इतके पिकलेले असूनही मला पदर नीट करावासा वाटला. मी ड्रेस घातला होता. शेवटी एक मुलगी आली, कळवणकडची, इथे होस्टेलला राहून शिकणारी. "मॅडम, माझी आई पण जायची पिंपळगावला, पॅकिंगला. पॅकिंगवालीवर कॉमिक कधी पाह्यलंच नव्हतं, म्हणून घेतलं."

"आवडलं?"

"लय भारी हाय." तिने ते छातीशी धरलं होतं, कव्हर आतल्या बाजूला.

"आईला दाखवशील?"

"नाय ओ, आईला कसं दाखवू हे? आतलं काय वाचायच्या आधीच चुलीत घालंल." ती हसली, मीही हसले. तिने पुस्तक सहीसाठी पुढे केलं आणि विचारलं, "मॅडम, ही कोणाला बघून काढली?"

"कोणाला नाही," मी म्हणाले. "अशीच, मनाने."

दुसऱ्या भागाला मी हो म्हटलंय. त्यात तिला एका खांबाला बांधलेली दाखवायची आहे, तिला सोडवायला कोण येतं ते अजून ठरायचंय. कंपनीला मी काही लिहिणार नाही, लिहून काही होणार नाही. हे पत्रही कुठे जायचं नाही, उद्या कागद आवरताना ते रद्दीत जाईल. फक्त एक सांगायचं राहिलं. हल्ली तुझा चेहरा आठवायचा म्हटलं की तीच समोर येते, तरुण, मोकळ्या केसांची. तुझा चष्मा नक्की कसा होता, काड्या काळ्या होत्या की तपकिरी, ते मला आता आठवत नाही, आई.