पडल्या वाऱ्याची अट

मी, डॉ. हेमचंद्र दिगंबर खरवंडीकर, वय एकाहत्तर, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार काउंटी क्लेअर, आयर्लंड, शॅननपासून गाडीने वीस मिनिटांवर, माझ्यामागे काय व्हावं ते लिहून ठेवतो. २०१२ सालचं मृत्युपत्र रद्द समजावं. माझ्या यकृतात काय वाढतंय ते मी स्वतः स्कॅनवर पाहिलं आहे. डोकं मात्र शाबूत आहे, आणि कोणी दडपण आणून हे लिहवून घेतलेलं नाही. मराठीत लिहितो, कारण इंग्रजीत मी एकदा फार सफाईने खोटं लिहिलं. भाषांतर आणि अंमलबजावणी माझ्या सॉलिसिटर ईफा लिनान पाहतील.

१. राहतं घर माझ्या एकुलत्या मुलीला, रेवाला. पण घरासोबत एक बंधन जातं. शेजारच्या शेताच्या मालकीण नोरीन कॉन्सिडीन यांच्याशी मी गेल्या महिन्यात दस्त करून नोंदवला आहे: या घराचा कोणताही मालक, आजचा असो की पन्नास वर्षांनंतरचा, त्यांच्या शेतीचा वास, आवाज, गुरं किंवा पहाटेचा ट्रॅक्टर यांबद्दल तक्रार वा दावा करणार नाही. नंतर आलेल्या शेजाऱ्यांपासून जुन्या शेताला वाचवणारा कायदा आहे का, असं मी ईफाबाईंना विचारलं होतं. "काही देशांत आहे, डॉक्टर. इथे थेट तसा नाही," त्या म्हणाल्या. म्हणून माझ्या कुंपणापुरता मी केला.

रेवा फोनवर म्हणाली, "बाबा, हू वुड बाय दॅट हाऊस?" ज्याला शेताशेजारी राहायचं असेल तो घेईल, बाळा. बाकीच्यांनी डब्लिनच्या उपनगरात, स्वोर्ड्सला राहावं.

२. हे बंधन का, ते रेवाला माहीत नाही. म्हणून इथेच सांगतो.

आम्ही २००८ साली इथे घर बांधलं. जागा नोरीनचे पती फ्लॅन यांनीच विकली. अडतीस दुभत्या गाई, आणि गोठ्याखाली मोठी टाकी. हिवाळाभराचं शेणमूत तिच्यात साठतं, वसंतात ते ढवळून शेतावर पसरतात. ढवळलं की दोन दिवस वास. २०१५ मध्ये माझी पत्नी पद्मिनी हिची केमो सुरू झाली. तिला उलट्या व्हायच्या. त्या औषधाने होत होत्या, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी कन्सल्टंटच्या लेटरहेडवर लिहिलं की शेजारच्या दुर्गंधीने रुग्णाच्या जिवाला धोका आहे. अशी एकोणीस पत्रं लिहिली. पद्मिनी म्हणायची, "अहो, खिडकी लावा आणि माझ्याजवळ बसा." मी टेबलाशी बसून पत्रं लिहीत असे. कर्करोगाशी भांडता येत नव्हतं. फ्लॅनशी येत होतं.

कोर्टाची नोटीस गेल्यावर एनिसच्या एका हॉटेलात तडजोड झाली. फ्लॅन चर्चला जायचा सूट घालून आला होता. मी अट घातली: वारा आमच्या घराकडे वाहत असेल त्या दिवशी टाकी ढवळायची नाही. इथे वारा बहुतेक नैऋत्येचा, आणि आमचं घर गोठ्याच्या ईशान्येला. त्यांना उरले ते पडल्या वाऱ्याचे दिवस.

फ्लॅन म्हणाला, "डॉक्टर, वारा पडलेला असताना टाकी ढवळत नसतात. खालून वायू निघतो. माणसं मेली आहेत त्याने."

मी म्हणालो, "मग काळजी घ्या."

तो "ग्रँड" म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक आहे', आणि त्याने सही केली.

२२ मार्च २०१६, सकाळी साडेदहा. झाडाचं पान हलत नव्हतं. नोरीनची किंकाळी ऐकून मी कुंपण ओलांडून धावलो. तो गोठ्याच्या दाराशीच कोसळला होता. तिने पाय धरून त्याला अंगणात ओढत आणलं होतं. अँब्युलन्स येईपर्यंत मी छाती दाबत राहिलो. आयुष्यभर मी माणसांना भूल देऊन परत जागं केलं. हा जागा झाला नाही.

मृत्यूच्या चौकशीत कॉरोनरने विचारलं, चाळीस वर्षं गुरं राखलेला माणूस असल्या दिवशी टाकी का ढवळेल? मी साक्षीदाराच्या खुर्चीत होतो. छाती किती वेळ दाबली ते सांगितलं आणि उतरलो. त्याच जूनमध्ये पद्मिनी गेली.

३. मागच्या बागेची पट्टी, कुंपणापासून सफरचंदाच्या झाडापर्यंत, नोरीनला. पद्मिनीची तंबोऱ्याची जोडी तिच्याकडे गाणं शिकलेल्या स्वप्नालीला, ती अजून रियाज करते. माझी पुस्तकं कोणाला नको असतील तर एनिसच्या धर्मादाय दुकानात द्यावीत.

४. समोरच्या नव्या घरातले नरेश यांना एकोणीस पत्रांची फाइल, तडजोडीच्या कागदासह. त्यांनी नोरीनविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. माझ्याकडेही आले होते. "सर, तुमच्या नावाला वजन आहे," म्हणाले. मी दार लावून घेतलं, तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. ईफाबाईंनी ती फाइल टपालाने पाठवू नये. त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवावी.

५. अंत्यविधी शॅननच्या दहनगृहात, साधा. नोरीनला बोलावू नये. यायचं की नाही ते तीच ठरवील.

६. दस्ताच्या आदल्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला सगळं सांगितलं. ती उठली, प्रेसचं, म्हणजे भांड्यांच्या कपाटाचं, दार उघडलं. आतल्या बाजूला तडजोडीचा कागद चिकटवलेला होता, माझ्या अटीखाली पेनाने रेघ मारलेली.

"फ्लॅनने लावला होता, विसरू नये म्हणून," ती म्हणाली.

"मग चौकशीत का नाही बोललात?"

"बोलले असते तर लोक म्हणाले असते, इतका जाणता माणूस, त्याने ऐकलंच कशाला? मेल्यावर त्याला कोणी मूर्ख म्हणायला नको होतं मला." मग म्हणाली, "तुम्ही आज ना उद्या याल, वाटायचं. साडेनऊ वर्षं घेतलीत, डॉक्टर."

क्षमा केली असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. तिने चहा केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर येऊन दस्तावर सही केली.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे. खालील दोघं साक्षीदार एकाच वेळी हजर असताना मी त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

हेमचंद्र दिगंबर खरवंडीकर

साक्षीदार: चैत्राली देवस्थळी, परिचारिका
साक्षीदार: सारंग उपळेकर, संगणक अभियंता

एनिस, काउंटी क्लेअर
१४ ऑक्टोबर २०२५